आसरा काय बुडत्यात व्हय?

मंडळी, गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी दुपारी लीड्सहून नातीचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, आजीशी बोलून झालं आणि मग ती मला म्हणाली, "आजोबा, पवनेतले सात दगड मला पाठवाल का? काका जूनमध्ये इकडे येतायत, त्यांच्या बॅगेत टाका. लहानच हवेत, मुठीत मावतील एवढे."

मी म्हटलं, "अगं, तुमच्या विलायतेत दगड संपले की काय?"

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या खिडकीत मी एक जागा केलीय. तिथे पणजीच्या साती आसरा मांडायच्या आहेत."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. माझी आई १९९४ साली गेली. तिच्या आसरांचं नाव आमच्या घरात शेवटचं कधी निघालं होतं तेही आठवत नाही. नातीला हे बहुधा तिच्या आजीनेच, लहानपणी सुट्टीत आली असताना, सांगितलं असणार. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. आजचा लेख म्हणजे त्या "बघतो"चा हिशोब आहे. थोडा लांबलाय. मास्तरकीची सवय, सांभाळून घ्या.

आधी नातीचं प्रकरण सांगतो. ती स्वतःला "पेगन" म्हणवते. तिच्या खिडकीत आईने दिलेला गणपती, कुंडीतली तुळस, एक मेणबत्ती, समुद्रावरून आणलेला शंख आणि त्या त्या ऋतूतली पानंफुलं एकत्र नांदतात. २१ जूनला आणि २१ डिसेंबरला ती पहाटे उठून सूर्योदय बघायला टेकडीवर जाते. तिला गुरू नाही, पोथी नाही. जे मनाला पटेल ते घ्यायचं, न पटेल ते सोडायचं, हा तिचा नियम. आमच्या सूनबाईंना हे नवं खूळ वाटतं. मला सुरुवातीला नुसतीच गंमत वाटली होती.

"पेगन" हा शब्द मूळ लॅटिन. "पागुस" म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख आणि "पागानुस" म्हणजे तिथला माणूस. रोमन साम्राज्यात शहरं ख्रिस्ती झाली तेव्हा मागे राहिलेल्या, जुनेच देव धरून बसलेल्या लोकांना हे नाव चिकटलं. आपल्याकडे पुण्याची माणसं आम्हा मावळ्यांना "गावंढळ" म्हणायची, तसलाच हा प्रकार! आता तिकडची शिकलीसवरली मुलं हाच शब्द अभिमानाने लावतात. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ सालच्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म म्हणून "पेगन" लिहिलं. आइसलँडमध्ये तर जुन्या देवांना मानणाऱ्यांनी १९७२ साली रीतसर संस्था काढली आणि १९७३ साली तिला सरकारची मान्यताही मिळाली. १९७२ हे साल वाचून मी थबकलो. त्याच साली आमचं पवना धरण पुरं झालं. म्हणजे तिकडे लोक हरवलेले देव शोधत होते, आणि इकडे आमचे पाण्याखाली जात होते.

पण नातीला एक टोचणी आहे. ती पुन्हा एकदा फोनवर म्हणाली, "आजोबा, आमचे हे आठ सण, त्यांची मांडणी, सगळं १९५०च्या दशकात काही लोकांनी बसवलंय. फार जुनं नाहीच. मी त्यात आणखी माझं मिसळते. हे खोटं तर नाही ना होत?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मला आधी माझ्याच घराकडे बघावं लागेल.

आमचं गाव पवन मावळातलं. आता ते नकाशावर नाही, त्यामुळे नाव लिहीत नाही. नातेवाईकांना ठाऊकच आहे. आंबेमोहर भाताची खाचरं, डोंगरउतारावर नाचणी-वरई, आणि गावाला वळसा घालून जाणारी पवना. वडील माळकरी. आळंदी-देहूची वारी कधी चुकवली नाही. घरात देव्हाऱ्यात खंडोबाचा आणि देवीचा टाक. डोंगराच्या खांद्यावर, झाडीत, वाघजाई. शेताच्या बांधावर म्हसोबा. नदीच्या डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड, त्या साती आसरा. त्यांच्याशेजारी आठवा दगड, तो त्यांचा राखणदार भाऊ, तोही म्हसोबाच. भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर घरात यायची. वाघबारशीला गुराखी पोरं रानात वाघोबापुढे खीर शिजवायची. भाद्रपदी अमावस्येला बैलांना पुरणपोळी. आणि आवणी सुरू करायच्या आधी बांधावरच्या म्हसोबाला कोंबडं.

माळकरी वडिलांच्या शेतात कोंबडं कापलं जाई! ते स्वतः खात नसत, त्या दिवशी घरातही थांबत नसत. पण आईला कधी अडवलंही नाही. नंतर मी तुकोबांचे अभंग शाळेत शिकवले. शेंदूरमाखल्या देवांवर तुकोबांनी काय आसूड ओढलेत! आणि तेच तुकोबा आमच्या शेजारच्या देहूचे. वडिलांना ते अभंग तोंडपाठ होते. तरी घरात विठोबा आणि म्हसोबा दोघेही राहिले. कुणाला हे विसंगत वाटलं नाही. आता विचार केला तर नातीची खिडकी आणि आईचा देव्हारा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

फरक आहे, पण तो दुसरीकडे आहे. तो सांगण्यासाठी १९७१च्या उन्हाळ्यात जावं लागेल.

धरणाचं काम साठच्या दशकातच सुरू झालं होतं. गाव उठणार हे ठरलेलं होतं, पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी, १९२१ साली, शेजारच्या मुळशी खोऱ्यात सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. तरी ते धरण झालं. म्हातारी माणसं ती आठवण काढून गप्प बसायची. मी तेव्हा वीस वर्षांचा. पुण्याला मामाकडे राहून बी.ए. करत होतो. आगरकर वाचले होते, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध वाचले होते, आणि त्या वयात असतो तेवढा शहाणा झालो होतो.

सामान हलवायला सुट्टीत गावी आलो. बैलगाडीत कणग्या, पाटा-वरवंटा, जातं, दाराच्या चौकटीसुद्धा भरल्या. आईने देव्हाऱ्यातले टाक नव्या फडक्यात बांधून स्वतःच्या मांडीवर घेतले. गावकऱ्यांनी मारुती आणि गावदेवी वाजतगाजत वर नेली. वाघजाई तर डोंगरावरच होती, तिला पाणी लागणार नव्हतं. राहिल्या डोहाकाठच्या आसरा. मला चेष्टा सुचली. मी म्हटलं, "आई, तुझ्या त्या सात बायकांचं काय? पोत्यात घालू का? वरवंट्याशेजारी जागा आहे."

आई रागावली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पुढे छत्तीस वर्षं वर्गातल्या न समजणाऱ्या पोराकडे बघत आलो. म्हणाली, "अरं, घरातलं देव आपुन न्यायचं. गावाचं देव गाव नेतंय. आसरा कशा नेशील? त्या पान्याच्या. पानी वाडतंय, तर त्या काय बुडत्यात व्हय?"

मी हसलो. मामाकडे जाऊन हे वाक्य विनोद म्हणून सांगितलंही. त्यातलं शहाणपण कळायला मला पुढे बरीच वर्षं आणि दुसऱ्यांची पुस्तकं लागली.

त्यातलं पहिलं पुस्तक दामोदर धर्मानंद कोसंबींचं, "मिथ अँड रिअॅलिटी", १९६२ साली निघालेलं. कोसंबी मोठे गणिती. पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा संस्थेत नोकरीला जायचे. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन पुणे जिल्ह्यातले डोंगर पायी तुडवायचे आणि गुराख्यांना, म्हाताऱ्या बायांना विचारायचे, हा देव कोणता? याला काय वाहता? इथेच का बसला? संस्कृत पंडिताने शेंदऱ्या दगडांकडे इतक्या गांभीर्याने बघावं याचं मला तेव्हा फार नवल वाटलं.

त्या पुस्तकातला एक लेख चौरस्त्यावरच्या मातृदेवतांवर आहे. "मृच्छकटिक" नाटकात चारुदत्त आपल्या मित्राला संध्याकाळी चौरस्त्यावर मातृकांना नैवेद्य ठेवून यायला सांगतो. नाटक आपण वाचतो आणि हे वाक्य ओलांडून पुढे जातो. कोसंबी तिथेच थांबले. चौरस्त्यावरच का? त्यांचं म्हणणं असं की गावं वसायच्या आधी, माणसं गुरं घेऊन फिरत होती तेव्हा, त्यांच्या वाटा जिथे एकमेकींना मिळायच्या तिथे ही ठाणी झाली. अशा वाटांवर त्यांना अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारं सापडली. म्हणून कितीतरी देव्या आज गावापासून लांब, आडरानात असतात. गाव नंतर आलं. पुढे त्याच वाटांनी व्यापारी गेले आणि त्याच वाटांवर बौद्ध भिक्षूंची लेणी कोरली गेली.

हे पटवून घ्यायला मला लांब जायला नको होतं. कार्ल्याला आपण सगळे जाऊन आलो आहोत. डोंगरात देशातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य, सुमारे १२४ फूट लांब, आणि त्याच्या तोंडाशीच एकवीरा आई. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि आणखी कितीजणांची ती कुलदेवता. चैत्रात तर पाय ठेवायला जागा नसते. लेण्यातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेले परके लोक. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या माणसांनी आमच्या मावळात बुद्धाच्या लेण्याला खांब दिले, आणि आज त्याच दारात कोळणी देवीची ओटी भरतात.

आमच्या जवळचं बेडसं तर त्याहून जुनं. कामशेतहून पवनानगरला येताना डाव्या-उजव्या डोंगरांकडे लक्ष ठेवा, चारशेएक पायऱ्या चढायची तयारी ठेवा. चैत्य पूर्वेला तोंड करून आहे, सकाळचं ऊन थेट आत जातं. नाशिकच्या आनंद शेठींचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख तिथे आहे. शेजारच्या विहारात मागच्या भिंतीवर शेंदूर लावलेली देवी, तिला लोक यमाई म्हणतात. आणि पाण्याच्या टाक्यापाशी आणखी एक लेख आहे. महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका हिचं दान! या बाईबद्दल फारसं कळत नाही. राजघराण्यातली, मावळच्या डोंगरात दान देऊन गेलेली, आणि नाव राहिलं ते पाण्याच्या काठी. मी मुलांची सहल नेली की इथे मुद्दाम थांबवत असे.

दुसरा माणूस आमच्याच मातीतला. रा. चिं. ढेरे. जन्म १९३०, आंदर मावळातल्या निगड्याचा. पवन मावळातून दोन डोंगर ओलांडले की आंदर मावळ. लहानपणीच आईवडील गेले, हलाखीत शिकले आणि लोकदेवतांवर असं काम करून ठेवलं की विद्यापीठांनी वाचावं. "श्रीविठ्ठल : एक महासमन्वय" या त्यांच्या ग्रंथाला १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंढरीचा विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव, त्याच्याभोवती शतकानुशतकं एकेक थर चढत गेला, असं त्यांनी मांडलं. वडिलांच्या गळ्यातल्या तुळशीमाळेचा देवही शेवटी रानातूनच आला होता म्हणायचा! आणि त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी"त म्हसोबा म्हणजे बळीराजाचा महासुभा असं म्हटलं होतं. शब्दाची ती फोड भाषाशास्त्राला मान्य होवो न होवो, बांधावरच्या दगडाला त्यांनी इतिहास दिला, हे मोठं.

तेव्हा नातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं. मिसळलं म्हणून काही खोटं होत नाही. आपल्याकडे सगळंच मिसळलेलं आहे. कुणीतरी, केव्हातरी, पहिल्यांदा तो दगड उचलून उभा केला होताच की.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हे नुसतं गोडगोड होईल. माझ्या एका चुलत बहिणीला लग्नानंतर तीन-चार वर्षं मूल होईना. "तिन्हीसांजेला डोहावर गेली, आसरांचं लागलं" असं ठरलं. ठरवणाऱ्यांत माझी आईही होती. भगत झाला, उतारे झाले, कोंबडी झाली. डॉक्टरला दाखवायला कुणी नेलं नाही. नवऱ्याला तपासायचं तर कुणाच्या मनातही आलं नाही. बिचारी पुढे माहेरीच राहिली आणि सगळं आयुष्य "आसरांनी धरलेली" म्हणून जगली. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा साप चावून गेला. त्याला आधी देवळात नेलं होतं. त्या दिवसापासून मी वर्गात या विषयावर कधी गुळमुळीत बोललो नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या दिवशी मला माझी ती बहीण आठवत होती.

म्हणून नातीला मी सांगितलं, "तुझा सोडून द्यायचा नियम आहे ना, तो घट्ट धर. तुझ्या पणजीला तो नव्हता. तिला भीतीसुद्धा वारशात घ्यावी लागली. तू नको घेऊस."

आता फरकाचं सांगतो म्हटलं होतं, ते.

धरण भरल्यावर आम्ही वरच्या अंगाला राहायला आलो. पुनर्वसनाचं काय झालं ते इथल्या लोकांना विचारा. कित्येक खातेदारांची जमीन मिळायची वाट बघत उभी हयात गेली. आईच्या आसरांचे दगड डोहासकट खोल पाण्यात गेले. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या वर्षी सणाला ती ताटात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात घेऊन निघाली. कुठे? तर धरणाच्या पाण्याच्या काठाला. दगड नाही, शेंदूर नाही. पाणी जिथे जमिनीला लागतं तिथे बसायची आणि ताट ठेवायची. धरणाचा काठ काही एका जागी राहत नाही. कार्तिकात वर चढलेला, वैशाखात कुठल्या कुठे खाली. ती त्या काठामागे जायची. वर्षानुवर्षं. पुढेपुढे गुडघे दुखायचे, तर आमची ही तिला हाताला धरून न्यायची. मी एकदाही गेलो नाही. आई गेल्यावर कुणीच गेलं नाही.

आईने आपला देव निवडला नव्हता. ती ज्या पाण्यावर जगत होती त्या पाण्याची तिने ओळख ठेवली. पाण्याने रूप बदललं, घरदार गिळलं, तरी ओळख मोडली नाही. तिच्या लेखी टाक हे घराचे, म्हणून घराबरोबर जाणारे. आसरा पाण्याच्या, म्हणून पाण्यापाशीच राहणाऱ्या. कुठला देव न्यायचा आणि कुठला जागेवर सोडायचा, हे तिला न शिकता ठाऊक होतं.

नातीच्या फोननंतर मे महिन्यात मी गेलो. पाणी बरंच उतरलं होतं. दरवर्षी उन्हाळ्यात धरणातलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, तसं ते पडलं होतं, बघायला गाड्या लागल्या होत्या. मी दुसऱ्या अंगाने, आमच्या गावाच्या बाजूला उतरलो. भेगाळलेला गाळ, घरांच्या जोत्यांचे दगड, खापऱ्या. डोह कुठे होता ते काही ओळखता आलं नाही. वर काठाला शहरातून आलेल्या मंडळींचे तंबू, आणि काठाकाठाने बाटल्या, चिप्सची पाकिटं. समोर तिकोना, मागे तुंग. त्या बाजूचा लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, आनंदच आहे. आमच्या सात दगडांना मात्र कसली यादी!

मनात आलं, याच पाण्यावर आज पिंपरी-चिंचवडची लाखो माणसं राहतात. हेच पाणी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीवरून वाहतं. आणि हेच पाणी बंद नळाने न्यायला विरोध म्हणून ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, तेव्हा गोळीबारात तीन माणसं गेली. पाण्याशी माणसाचं नातं साधं नसतं, हे आईला पुस्तकाशिवाय कळलं होतं.

हिने पिशवीत गुपचूप हळदकुंकवाची पुडी घातली होती. मी काठाला बसलो. श्रद्धा म्हणाल तर तेव्हाही नव्हती, आजही नाही. तरी चिमूटभर हळदकुंकू पाण्याच्या कडेला ठेवलं. मग एक चांगला गुळगुळीत दगड उचलला, हातात धरून बसलो, आणि परत होता तिथे ठेवला. येताना पिशवीभर बाटल्या तेवढ्या गोळा करून आणल्या.

त्या रात्री नातीला फोन केला. म्हटलं, "बाळा, दगड पाठवत नाही. रागावू नकोस. पणजी असती तर तिनेही पाठवले नसते." आणि तिला सगळं सांगितलं, वर लिहिलं ते. शेवटी विचारलं, "तुम्ही पाणी कुठल्या नदीचं पिता?"

तिला सांगता येईना. आपल्यापैकी किती जणांना येईल?

पण मुलगी हुशार. दोन आठवड्यांनी तिचा मोठा संदेश आला. लीड्सहून अर्ध्या तासावर इल्कली गाव आहे, व्हार्फ नदीच्या काठी. तिथे रोमन काळातली एक कोरीव वेदी सापडली आहे. ती व्हर्बिया नावाच्या देवीला वाहिलेली, आणि व्हर्बिया ही त्या व्हार्फ नदीचीच देवी मानतात. वाहणारा कोण? क्लोडिअस फ्रॉन्टो नावाचा रोमन फौजेचा अधिकारी, लिंगोन लोकांच्या दुसऱ्या तुकडीचा नायक. लिंगोन म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखातले. म्हणजे परदेशी तुकडी घेऊन आलेला हा गडी, इथल्या नदीकाठी तळ पडला, तर त्याने इथल्या नदीला दगड उभा केला. नातीने लिहिलं होतं, "आजोबा, तो तुमच्या कार्ल्याच्या यवनांसारखाच निघाला."

वाचून मास्तरला किती बरं वाटलं, काय सांगू!

पुढची गोष्ट तिने लिहिली नसती तर मला कळली नसती. इल्कलीचा व्हार्फचा काठ म्हणजे इंग्लंडमधलं नदीवरचं पहिलं अधिकृत स्नानाचं ठिकाण. डिसेंबर २०२०मध्ये तसं जाहीर झालं. आणि नंतरच्या तपासण्यांत पाणी वाईट दर्जाचं निघालं, कारण सांडपाणी नदीत सुटतं. गावकऱ्यांनी स्वतः नमुने घेऊन तपासणी करवून त्यासाठी भांडण मांडलं होतं. म्हणजे तिकडच्या आसरांनाही आपल्याच आसरांचं दुखणं.

२१ जूनला ती टेकडीवर न जाता नदीवर गेली. पहाटेच फोन केला, इकडे सकाळ टळून गेली होती. मागे पाण्याचा आवाज येत होता. म्हणाली, "आजोबा, मी आलेय. पण हळदकुंकू आणलं नाही. काय वाहू?"

मी म्हटलं, "काही वाहू नकोस. आजूबाजूला कचरा दिसतोय का बघ."

"दिसतोय."

"मग तो उचल. आणि नाव सांग तिला तुझं. कुठून आलीस ते सांग."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग मला लांबून ऐकू आलं, मराठीत, हळू आवाजात, तिने आपलं नाव घेतलं, पणजीचं नाव घेतलं आणि पवनेचं नाव घेतलं.

मी फोन हिच्याकडे दिला आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभा राहिलो. पहिला पाऊस सुरू झाला होता. समोर धरणाचं पाणी पुन्हा वर चढायला लागलं होतं.

असो. तुमच्या घरी देव्हाऱ्याबाहेरचे असे कोणते देव होते, कोणते बरोबर आले आणि कोणते जागेवर राहिले, हे जमलं तर लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.